वीतभर गाडी आणि वळणाचे गणित

विद्यार्थी मित्रांनो, रिमोटवर चालणारी मोटारगाडी तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. काहींच्या घरी ती असेलही. बहुधा कपाटावर, मोडलेल्या अवस्थेत! पण हीच गाडी नीट जुळवून, तिची एकेक गोष्ट मोजून, तिला शर्यतीसाठी तयार करणे हा जगभर गंभीरपणे खेळला जाणारा खेळ आहे. त्यात हाताच्या चपळाईइतकेच भौतिकशास्त्र लागते. हे मला कळले ते मात्र महाविद्यालयातल्या फळ्यासमोर नव्हे, तर जालन्यातल्या एका शाळेच्या सभागृहात, एका नववीतल्या मुलामुळे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही काही शिक्षकांनी मुलांसाठी छोट्या गाड्यांची शर्यत ठरवली होती. शहाबादी फरशीवर खडूने बारा मीटर लांबीचा वळणावळणाचा मार्ग आखला. गाड्या वीतभरसुद्धा नव्हत्या. खऱ्या मोटारीच्या अठ्ठाविसाव्या हिश्शाच्या. या मुलाची गाडी जीपच्या आकाराची होती. वळणावर ती घसरत असे. त्याने एक युक्ती केली. जालना हे लोखंडाचे गाव. कारखान्यातले जाड नट त्याला सहज मिळाले. ते त्याने जीपच्या टपावर चिकटपट्टीने बसवले. मी विचारले, "अरे, हे कशाला?" तो म्हणाला, "सर, गाडी जड झाली की रस्ता धरते. आमचे बाबा टेम्पो चालवतात. ते म्हणतात, रिकामी गाडी उडते, भरलेली गाडी चिकटून चालते."

शर्यत सुरू झाली. पाच फेऱ्यांत ती जीप तीनदा उलटली.

मुले हसली. तो मुलगा मात्र रडवेला झाला. त्याला वाटले, वजन कमी पडले. आणखी दोन नट लावावेत! मी त्याला थांबवले आणि म्हटले, "आज शर्यत राहू दे. आधी आपण गाडीला प्रश्न विचारू." त्या दिवशी आम्ही जे प्रश्न विचारले, तेच आज तुमच्यासमोर मांडतो.

हा खेळ आला कोठून?

तार न जोडता दुरून यंत्र चालवण्याचे पहिले मोठे जाहीर प्रात्यक्षिक निकोला टेस्ला या शास्त्रज्ञाने १८९८ साली न्यूयॉर्क येथे केले. त्याने पाण्याच्या हौदात एक लहान बोट सोडली आणि रेडिओलहरींच्या साहाय्याने ती हवी तशी वळवून दाखवली. पाहणाऱ्यांना ती जादूच वाटली. पुढे ट्रान्झिस्टर आले, यंत्रे लहान झाली आणि १९६० नंतरच्या दशकात रेडिओवर चालणाऱ्या छोट्या मोटारी बाजारात आल्या. जपानमधील तामिया या कंपनीने १९७६ साली आपली पहिली रेडिओनियंत्रित मोटार काढली. ती पोर्शे ९३४ या गाडीची, बाराव्या हिश्शाची प्रतिकृती होती. १९९९ मध्ये क्योशो या जपानी कंपनीने अठ्ठाविसाव्या हिश्शाची 'मिनी-झेड' आणली आणि ही शर्यत मैदानावरून घरातल्या फरशीवर आली.

पूर्वीच्या गाड्या २७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर चालत. प्रत्येक गाडीत एक स्फटिक असे आणि तो तिची वारंवारता ठरवी. दोघांचे स्फटिक एकाच वारंवारतेचे निघाले, तर एकाने कळ दाबताच दुसऱ्याची गाडी पळे! आताचे चांगले संच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. प्रत्येक प्रेषक आपल्याच ग्राहीला ओळखीचा संकेत पाठवतो, त्यामुळे दहा गाड्या एकत्र धावल्या तरी गोंधळ होत नाही. भारतात कमी शक्तीच्या साधनांसाठी हा पट्टा २००५ साली परवान्याच्या अटीतून मुक्त झाला. तुमच्या घरातले वायफाय आणि ब्लूटूथ याच पट्ट्यात काम करतात.

गाडीच्या पोटात मुख्यतः चार वस्तू असतात: विद्युतघट, संदेश घेणारा ग्राही, मागची चाके फिरवणारी मोटार आणि पुढची चाके वळवणारा सर्व्हो. सर्व्होची गंमत पाहा. तुम्ही रिमोटचे चाक थोडे फिरवले, की तो तेवढाच फिरतो आणि थांबतो. हे त्याला कसे कळते? त्याच्या दांड्याला एक बदलता रोध जोडलेला असतो. दांडा किती फिरला हे तो रोध सतत सांगत असतो. हवी ती जागा आणि प्रत्यक्ष जागा यांत फरक उरला नाही, की सर्व्हो थांबतो. सायकल चालवताना तुम्हीही हेच करता: पाहता, फरक ओळखता, हँडल सरळ करता.

पहिला प्रश्न: जड गाडी रस्ता धरते का?

गाडी वळते तेव्हा तिला वळणाच्या केंद्राकडे ओढणारे बल लागते. त्याला आपण अभिकेंद्री बल म्हणतो. गोफणीतल्या दगडाला हे बल दोरी देते. गाडीला दोरी नाही. तिला ते बल टायर आणि फरशी यांच्यातले घर्षण देते. आवश्यक बल असे:

वस्तुमान × वेगाचा वर्ग ÷ वळणाची त्रिज्या

आणि घर्षण जास्तीत जास्त किती देऊ शकते?

घर्षणगुणांक × वस्तुमान × गुरुत्वत्वरण

आता दोन्ही ओळी शेजारी ठेवून पाहा. वस्तुमान दोन्हीकडे आहे! गाडी दुप्पट जड केली तर घर्षण दुप्पट मिळेल हे खरे. पण वळवायला बलही दुप्पटच लागेल. वस्तुमान दोन्ही बाजूंनी निघून जाते आणि उरते ते एवढेच:

वेगाचा वर्ग = घर्षणगुणांक × गुरुत्वत्वरण × त्रिज्या

आकडे घालून पाहू. आमच्या वळणाची त्रिज्या अर्धा मीटर होती. स्वच्छ फरशीवर घर्षणगुणांक ०.८ धरा. गुरुत्वत्वरण ९.८. गुणाकार आला ३.९२, त्याचे वर्गमूळ जवळजवळ २. म्हणजे सेकंदाला सुमारे २ मीटरपर्यंत गाडी वळण घेईल, त्यापुढे घसरेल. गाडी १७० ग्रॅमची असो की २५० ग्रॅमची, उत्तर तेच! उलट रबराच्या बाबतीत भार वाढला की घर्षणगुणांक थोडा कमीच होतो. म्हणजे जड गाडीचा किंचित तोटाच.

मग फायदा कशात आहे? घर्षणगुणांकात. आपल्याकडे उन्हाळ्यात धुळीला तोटा नाही. फरशीवर धुळीचा पातळ थर बसून घर्षणगुणांक ०.४ झाला, तर तीच गाडी सेकंदाला १.४ मीटरलाच घसरू लागेल. आम्ही काय केले? ओल्या फडक्याने फरशी पुसली आणि टायरही पुसले. खर्च शून्य, पण गाडी वळणावर लगेच सुधारली. शर्यतीतले जाणकार गाडीला हात लावण्याआधी टायर पाहतात, ते उगाच नव्हे.

दुसरा प्रश्न: जीप उलटली का?

गाडी वळताना घर्षणाचे बल खाली, टायरपाशी लागते. गुरुत्वमध्य मात्र वर असतो. त्यामुळे गाडीला बाहेरच्या बाजूला कलंडवणारा परिणाम घडतो. तिला सावरते ते तिचे वजन, आणि तेही चाकांच्या रुंदीच्या आधाराने. नियम सोपा आहे. दोन चाकांमधील अंतराच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागा. हे उत्तर घर्षणगुणांकापेक्षा मोठे असेल, तर गाडी फार तर घसरेल. लहान असेल, तर घसरण्याआधीच उलटेल.

त्या जीपच्या चाकांमधील अंतर ५.४ सेंटिमीटर होते, निम्मे २.७. नट लावण्यापूर्वी गुरुत्वमध्य फरशीपासून अंदाजे २.५ सेंटिमीटर उंच होता. भागाकार १.०८, तो ०.८ पेक्षा मोठा. म्हणून ती नुसती घसरत होती. मग १७० ग्रॅमच्या गाडीवर, ६ सेंटिमीटर उंचीच्या टपावर, ८० ग्रॅमचे नट आले. नवा गुरुत्वमध्य काढू: १७० गुणिले २.५ म्हणजे ४२५, ८० गुणिले ६ म्हणजे ४८०, बेरीज ९०५, भागिले २५०. उत्तर सुमारे ३.६ सेंटिमीटर. आता २.७ भागिले ३.६ म्हणजे ०.७५. हा आकडा ०.८ पेक्षा लहान झाला आणि जीप उलटली! दोष वजनाचा नव्हता. वजनाच्या जागेचा होता.

हे सारे गणित न करताही पाहता येते. एक सुटी फरशी घ्या. तिच्यावर गाडी आडवी ठेवा, म्हणजे चाके उताराच्या दिशेने घरंगळणार नाहीत. आता फरशीची एक बाजू हळूहळू उचला. गाडी आधी घसरली, तर ती वळणावर घसरेल. आधी कलंडली, तर वळणावर उलटेल. घसरण्याच्या क्षणी उचललेल्या टोकाची उंची मोजा आणि तिला त्या टोकाच्या सरळ खालच्या बिंदूपासून टेकलेल्या कडेपर्यंतच्या आडव्या अंतराने भागा. तोच तुमचा घर्षणगुणांक. ५० सेंटिमीटरला ४० सेंटिमीटर उंची आली, तर ०.८. त्या मुलाने स्वतः फरशी उचलली. नट असताना जीप कलंडली. नट काढल्यावर ती घसरली. तो काही बोलला नाही. पण त्याने वही मागून घेतली.

जुळवणी: एकेक करून

आता गाडी जुळवू या. क्रम महत्त्वाचा आहे.

आधी सरळ चाल. रिमोटला हात न लावता गाडी हलकेच ढकला. ती एका बाजूला जात असेल, तर पुढच्या चाकांची अलाइनमेंट बिघडली आहे किंवा सर्व्होचा मध्यबिंदू सरकला आहे. रिमोटवरच्या ट्रिमच्या बटणाने तो मध्यावर आणा.

मग समतोल. पट्टीची कड गाडीच्या पुढच्या टोकाखाली बरोबर मध्यावर धरून हळूच उचला. पुढची दोन्ही चाके एकाच वेळी फरशी सोडतात का? एक आधी उचलले जात असेल, तर गाडीची चौकट पिळली आहे किंवा घट एका अंगाला जड बसले आहेत. अशी गाडी डावीकडे छान वळते आणि उजवीकडे गिरकी घेते.

मग पुढचे व मागचे टायर. गाडी वळवूनही सरळच जात असेल, तर पुढच्या टायरांची पकड कमी पडते आहे. मागचा भाग बाहेर फेकला जाऊन गाडी गर्रकन फिरत असेल, तर मागची पकड कमी आहे. मऊ रबर साधारणपणे अधिक पकडते. म्हणून पहिल्या दोषाला पुढे थोडे मऊ टायर, दुसऱ्याला मागे मऊ टायर. चारही चाकांना सर्वांत मऊ टायर लावावेत असे तुम्हाला वाटेल. पण मग उंच गाडी उलटण्याचा धोका वाढतो, हे आता तुम्ही सांगू शकाल.

त्यानंतर डिफरन्शिअल. बैलगाडी वळताना पाहा. बाहेरचे चाक अधिक अंतर कापते, आतले कमी. तिची चाके आसावर एकमेकांपासून स्वतंत्र फिरतात, म्हणून अडचण येत नाही. पण मोटारीत एकाच इंजिनाने दोन्ही चाके फिरवायची असतात. आमच्या वळणावर अर्धा वळसा घेताना बाहेरचे चाक आतल्यापेक्षा सुमारे १७ सेंटिमीटर जास्त चालते. दोन्ही चाके एका दांड्यावर पक्की असतील, तर एकाला फरफटत जावे लागते. डिफरन्शिअल त्यांना वेगवेगळ्या गतीने फिरू देतो. काही छोट्या गाड्यांत तो स्क्रूने सैल किंवा घट्ट करता येतो. फार घट्ट असला तर गाडी वळायला कुरकुरते. फार सैल असला तर जोर लावताच आतले चाक नुसते फिरत राहते.

शेवटी दातेरी चाके. सगळ्यांना पहिल्यांदा मोटारच बदलायची असते. मीही तेच केले होते. माझ्या पहिल्या गाडीत मी वेगवान मोटार बसवली. सरळ वाटेवर ती सुंदर पळाली आणि पहिल्याच वळणावर भिंतीला धडकून तिचा पुढचा दांडा मोडला. आता हिशेब पाहा. समजा, मोटारीवरच्या पिनियनला ८ दाते आहेत आणि आसावरच्या चाकाला ४४. गुणोत्तर ५.५. मोटार मिनिटाला २०,००० फेरे घेत असेल, तर चाक सेकंदाला सुमारे ६० फेरे घेईल. चाकाचा व्यास २४ मिलिमीटर असेल तर परीघ ७.५ सेंटिमीटर, वेग सेकंदाला साडेचार मीटर. पिनियन ६ दातांचे लावले तर वेग सुमारे ३.४ मीटरवर येतो, पण चाकाला मिळणारा पिळ वाढतो आणि गाडी वळणातून चटकन निघते. ज्या मार्गावर वळण सेकंदाला २ मीटरलाच घ्यावे लागते आणि सरळ वाट तीन-चार मीटरचीच आहे, तिथे साडेचार मीटरचा वेग कोठे वापरणार? शिवाय मोठ्या पिनियनने मोटारीवर ताण येतो, ती जास्त विद्युतप्रवाह ओढते आणि तापते. पाच मिनिटांच्या धावेनंतर मोटारीला बोट लावता येत नसेल, तर पिनियन लहान करा.

एक सावधगिरी. निकेल-मेटल हायड्राइडचे चार घट मिळून ४.८ व्होल्ट देतात आणि विद्यार्थ्यांसाठी तेच बरे. लिथियमचे घट वापरत असाल, तर ते आपल्या उन्हाळ्यात उन्हात किंवा बंद मोटारीत ठेवू नका, फुगलेला घट वापरू नका आणि घट चार्ज होत असताना घर सोडून जाऊ नका.

वही आणि घड्याळ

या सर्व जुळवणीत सर्वांत मोलाचे साधन म्हणजे वही. नियम एकच: एका वेळी एकच बदल. टायर, पिनियन आणि घटांची जागा हे तिन्ही एकदम बदलले आणि गाडी सुधारली, तर कशामुळे सुधारली हे कोणालाही सांगता येणार नाही.

वेळ मोजतानाही विचार हवा. घड्याळाचे बटण दाबताना आपल्या हाताची सेकंदाच्या पाचव्या हिश्शाइतकी चूक सहज होते. एकच फेरी मोजली, तर ती सगळी चूक त्या फेरीवर बसते. सलग दहा फेऱ्या मोजून दहाने भागले, तर तीच चूक दहा फेऱ्यांत वाटली जाते. तुमच्या प्रयोगशाळेत लंबकाचे वीस झोके का मोजायला लावतात, त्याचे उत्तर इथे आहे.

त्या मुलाने दुपारभर हेच केले. नट काढून दहा फेऱ्या: ९८ सेकंद. फरशी आणि टायर पुसून: ९१. घट ठेवण्याचा कप्पा एक पायरी खाली बसवून: ८८. पिनियन लहान करून: ८४. नवी मोटार नाही, नवी गाडी नाही. संध्याकाळी पुन्हा शर्यत लावली. तो पहिला आला नाही, दुसरा आला. पण जीप एकदाही उलटली नाही. माझ्या दृष्टीने त्याची वही पहिली आली.

खऱ्या रस्त्यावर

मित्रांनो, हा खेळ इथेच संपला असता तर मी हा लेख लिहिला नसता. घरी जाताना त्या मुलाने मला विचारले, "सर, बाबांच्या टेम्पोलाही हेच गणित लागू आहे का?"

होय, अगदी हेच. त्याचे वडील मोसंबी बाजाराला नेतात. समजा, टेम्पोच्या चाकांमधील अंतर दीड मीटर आहे, रस्त्याचा घर्षणगुणांक ०.७ आहे आणि सपाट वळणाची त्रिज्या ५० मीटर. माल नीट खाली रचून गुरुत्वमध्य १ मीटरवर ठेवला, तर भागाकार ०.७५ येतो, टेम्पो ताशी ६६ किलोमीटरच्या पुढे घसरू लागेल. घसरताना टायर ओरडतात, चालकाला इशारा मिळतो. पण क्रेट वर वर रचून गुरुत्वमध्य दीड मीटरवर गेला, तर भागाकार ०.५ होतो, मग तो ताशी ५६ किलोमीटरलाच उलटेल, आणि तोही घसरण्याचा इशारा न देता. प्रत्यक्षात स्प्रिंगा दबतात, माल सरकतो, म्हणून धोका याहून थोडा आधीच सुरू होतो. टपावर माणसे बसवलेल्या जीपचेही हेच.

जालना जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. मोटारींना तिथे ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. ब्रेक लावल्यावर थांबायला लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. कोरड्या रस्त्यावर, घर्षणगुणांक ०.७ धरला, तर ताशी ६० ला सुमारे २० मीटर आणि ताशी १२० ला सुमारे ८१ मीटर. वेग दुप्पट, अंतर चौपट! पावसात घर्षणगुणांक ०.४ झाला तर १२० ला १४२ मीटर. शिवाय ब्रेकवर पाय जाईपर्यंतच्या एका सेकंदात ३३ मीटर निघून गेलेले असतात, ते वेगळेच. आणि "गाडी जड आहे, चिकटून थांबेल" हा भरवसा इथेही चालत नाही, कारण वस्तुमान याही गणितातून निघून जाते.

हे आकडे पुस्तकात वाचून विसरतात. पण ज्याने धुळीच्या फरशीवर स्वतःची गाडी वळणावरून निसटताना पाहिली आहे, तो सहसा विसरत नाही.

शिक्षकांना एक विनंती. यासाठी महागडी गाडी लागत नाही. बाजारातली साधी रिमोटची गाडी, एक सुटी फरशी, फूटपट्टी, घड्याळ आणि वही एवढे पुरे. नववीच्या वर्गाला एका तासात घर्षणगुणांक काढता येईल, दुसऱ्या तासात उलटण्याची कसोटी.

तो मुलगा पुढे दहावीत गेला. सुट्टी संपताना तो एकदा भेटला. त्याने वडिलांना पत्र्याच्या डब्याचा टेम्पो करून, फळीवर ठेवून, फळी उचलून दाखवली होती. डब्यात माती खाली भरली तेव्हा डबा घसरला. वर भरली तेव्हा आडवा झाला. वडील थोडा वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "पुन्हा एकदा कर." त्या हंगामापासून त्यांच्या टेम्पोत क्रेटची एक थप्पी कमी चढते, असे तो म्हणाला.

तुमच्या घरी कोणती गाडी आहे? एखादी फरशी घ्या, आणि तिला विचारून पाहा.